एकसष्टावं मत

ऑक्टोबर १९९५ मध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, ऑस्लो कराराचा दुसरा टप्पा ६१ विरुद्ध ५९ मतांनी मंजूर केला. सभागृह १२० जणांचं. एकाने जरी बाजू बदलली असती, तरी करार तिथेच बारगळला असता. इतक्या निसटत्या कौलावर एखाद्या सरकारने पॅलेस्टिनींशी समझोता करावा का? की असा समझोता करण्यापेक्षा मोठ्या बहुमताची वाट पाहत बसावं, मग ते कधी येवो न येवो?

खालचा संवाद मी रचलेला आहे. बोलणारे दोघंही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेले मराठी ज्यू. मामा ऐंशीच्या घरातले. मुलगा असताना अलिबागकडून गेले, नेगेव्ह वाळवंटातल्या दिमोनात कापडगिरणीत आयुष्य काढलं, आणि १९७७ पासून उजव्या लिकूद पक्षाला मत देत आले. भाची जेरुसलेमला कायदा शिकते. माणसं कल्पित आहेत, तारखा आणि आकडे खरे.

मामा : तुझे प्राध्यापक काहीही सांगोत. एका मताच्या जोरावर देशाची जमीन देता येत नाही.

भाची : सरकार बनवता येतं ना? २०२१ मध्ये बेनेट आणि लापिड यांचं सरकार ६० विरुद्ध ५९ ने आलं. ते बेकायदा होतं का?

मामा : सरकार पडतं, दुसरं येतं. ते तर वर्षभरातच कोसळलं. दिलेली जमीन परत येत नाही. म्हणून तिथे माप वेगळं लावायचं. घर भाड्याने देताना आपण घरातल्या सगळ्यांना विचारत नाही, विकताना विचारतो.

भाची : आणि ऑस्लोच्या वेळी विचारलं नव्हतं?

मामा : विचारलं कुणाला? पंतप्रधान राबिनच्या मजूर पक्षाचे ४४ होते, त्यांतले काहालानी आणि झिस्मान हे दोघे विरोधात गेले. उरले ४२. डाव्या मेरेट्झचे १२. मग उजव्या त्सोमेत पक्षातून फुटलेले दोघे, सेगेव आणि गोल्डफार्ब. एकाला मंत्रिपद, दुसऱ्याला उपमंत्रिपदाचं गाजर आणि त्या पदासोबतची मित्सुबिशी मोटार. लोक म्हणायचे, ऑस्लो मित्सुबिशीत बसून पास झाला. पुढे त्या सेगेवला इराणसाठी हेरगिरी केली म्हणून ११ वर्षांची शिक्षा झाली, ती आणखी वेगळीच कथा.

भाची : हे झाले छप्पन. उरलेले पाच सांगा ना.

मामा : अरब मतांवर निवडून येणाऱ्या हदाशचे तीन, अरब डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन.

भाची : ते तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलेत.

इथे मामा थोडे घुटमळतात, आणि त्यांचं घुटमळणं समजण्यासारखं आहे. त्या वर्षी रस्त्यावर उतरलेल्यांची एक तक्रार हीच होती की या कराराला ‘ज्यू बहुमत’ नाही. म्हणजे ६१ मतांतली अरब नागरिकांच्या प्रतिनिधींची मतं वजा करायची आणि मग मोजायचं. मतदानाच्याच रात्री जेरुसलेमच्या झायन चौकात मोठी सभा झाली आणि तिथे राबिनना नाझी गणवेशात दाखवणारं चित्र फिरलं. महिना उलटायच्या आत, ४ नोव्हेंबरला, तेल अवीवमध्ये यिगाल आमीरने त्यांना गोळ्या घातल्या.

भाची : १९६४ मध्ये तुम्ही जेरुसलेमला कशासाठी जाऊन बसला होता?

मामा : ते इथे कशाला आणतेस?

भाची : बेने इस्रायलांशी लग्न लावायचं तर आधी त्यांचं कूळ तपासा, असा आदेश मुख्य धर्मपीठाने काढला होता म्हणून. सरकार मापाईचं, पण धार्मिक पक्ष मफदाल आघाडीत. त्याला दुखवायचं नाही म्हणून सरकार चाचरत राहिलं. शेवटी ऑगस्टमध्ये क्नेसेटला ठराव करावा लागला की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत. आघाडी टिकवायची म्हणून आपल्याला मोजायचं की नाही हा प्रश्न लटकला होता, मामा. आता तुम्हीच म्हणता, ६१ मधले पाच वजा करा.

मामा : त्यात आणि यात फरक आहे. आम्ही आत घ्या म्हणत होतो. कुणाचं काही दुसऱ्याला देऊन टाकायला बसलो नव्हतो.

भाची : नाझारेथमधला अरब माणूसही आत घ्या असंच म्हणतो. कर भरतो, कायदा पाळतो. त्याचा प्रतिनिधी अर्थसंकल्पावर मत देतो तेव्हा ते पूर्ण मोजलं जातं, शांततेवर देतो तेव्हाच अर्धं.

मामा : बरं, मोजा. पाचही मोजा. माझं म्हणणं तरीही उरतंच. एका मतावर केलेला करार पुढच्या निवडणुकीत टिकतो का? १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हमासने बसमध्ये स्फोट केले, मे महिन्यात नेतान्याहू एक टक्क्याहून कमी फरकाने निवडून आला. अर्धा देश म्हणत होता, हे आमचं नाही. आणि राबिनने त्या अर्ध्या देशाशी बोलणं टाकलं होतं. निदर्शनं करणाऱ्यांना म्हणाला, पंख्यासारखे गरगर फिरत बसा. हरलेल्यांच्या दारात जाऊन बसायला हवं होतं. तो गेला नाही.

मामांचा हा मुद्दा मला त्यांच्या सगळ्या बोलण्यात वजनदार वाटतो. कौल कायदेशीर असणं आणि तो हरलेल्यांनी मनातून मान्य करणं यात अंतर असतं, आणि शांतता करार त्या दुसऱ्या गोष्टीवर जगतो.

भाची : मग कुणी केलं ते बरोबर?

मामा : लिकूदच्या बेगिनने. १९७८ मध्ये इजिप्तबरोबरच्या कॅम्प डेव्हिड कराराला ८४ मतं पडली, विरोधात १९, तटस्थ १७. पुढच्या वर्षी इजिप्तशी तह झाला तेव्हा ९५. त्याच्या स्वतःच्या पक्षात फूट होती. आरेन्स विरोधात, शामीर तटस्थ. उणीव मजूर पक्षाने भरून काढली. विरोधकांच्या मतांवर, स्वतःच्या लोकांच्या शिव्या खात. सिनाई दिलं, तिथली यमित वस्ती रिकामी केली. तो करार आजही उभा आहे.

भाची : उभा आहे, कारण त्यात वेस्ट बँकेतलं हेब्रॉन नव्हतं. त्याच कागदांत पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेचाही भाग होता. तो कुठे गेला? बेगिनने सिनाई सोडलं ते वेस्ट बँक हातात ठेवता यावी म्हणून. मोठं बहुमत मिळालं ते पॅलेस्टिनींचा प्रश्न बाजूला ठेवल्यामुळे.

मामा : ही तुझी मनची गोष्ट.

भाची : १४ डिसेंबर १९८१, हीसुद्धा मनची गोष्ट? सीरियाकडून घेतलेल्या गोलानला इस्रायलचा कायदा लागू करण्याचं विधेयक सकाळी आलं आणि रात्रीपर्यंत ६३ विरुद्ध २१ ने मंजूर झालं. एका दिवसात. आता २०१४ चा सार्वमताचा मूलभूत कायदा घ्या. गोलान किंवा पूर्व जेरुसलेममधली जागा करारात सोडायची तर ८० मतं हवीत, नाहीतर ६१ मतं आणि वर सार्वमत. घ्यायला एक दिवस, द्यायला ८०. आणि वेस्ट बँकेत वस्ती उभारायला तर क्नेसेटचं मतसुद्धा लागत नाही. मंत्रिमंडळ, समिती, एखादा शिक्का. २०२३ मध्ये अर्थमंत्री स्मोट्रिच यांना संरक्षण खात्यात वेस्ट बँकेच्या नागरी कारभाराचे अधिकार मिळाले ते आघाडीच्या करारातून. घर विकताना सगळ्यांना विचारायचं म्हणालात. मग शेजाऱ्याच्या अंगणात भिंत बांधताना का विचारत नाही? तीसुद्धा सहजी पडत नाही. गाझातल्या २१ वस्त्या उठवायला सैन्य लागलं.

मामा : गाझाचं नाव काढलंसच, तर तेही बोलू. पंतप्रधान शेरॉनकडे माघारीसाठी बहुमत होतं. ६७ विरुद्ध ४५. त्याच्या पक्षाच्या सभासदांनी आधी नको म्हटलं होतं, तरी त्याने रेटलं. ऑगस्ट २००५ मध्ये आम्ही बाहेर. २००६ मध्ये हमास निवडून आली, २००७ मध्ये गाझा तिच्या ताब्यात. रॉकेट थेट बीरशेबापर्यंत यायची. आणि मग २०२३ चा ७ ऑक्टोबर, हमासचा हल्ला. बाराशे माणसं. एवढं झाल्यावर तू मला विचारतेस, मोठं बहुमत कशाला हवं?

भाची : ७ ऑक्टोबरवर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते शोधणारही नाही. पण गाझा सोडली ती कुणाशी करार करून? पॅलेस्टिनी अध्यक्ष म्हणून अब्बास नुकतेच निवडून आले होते, त्यांच्या हातात काहीच दिलं नाही. शेरॉनचे सल्लागार वाइसग्लास यांनी आधीच मुलाखतीत कबूल केलं होतं की यामागचा हेतू वाटाघाटी गोठवण्याचा आहे. आघाडी सांभाळायची पण शांतता करायची नसली की असं होतं. माघारही घ्यायची आणि समोरच्याशी बोलायचंही नाही.

मामा : आघाडी कुणाला चुकली आहे? आपल्याकडे एका पक्षाला ६१ कधीच मिळाले नाहीत.

खरं आहे. सगळा देश एकच मतदारसंघ, मतांच्या प्रमाणात जागा. सर्वांत मोठा आकडा १९६९ मधला, ५६. म्हणून छोटे पक्ष सौदा करतात, आणि त्या सौद्यात कोणती गोष्ट कशाशेजारी येऊन बसेल याचा नेम नसतो. २००८ मध्ये लिव्हनी यांना सरकार बनवता आलं नाही, कारण धार्मिक शास पक्षाच्या मागण्यांच्या एकाच यादीत मुलांचा भत्ता वाढवणं होतं आणि जेरुसलेमवर बोलणी न करणंही. २०२२ चा प्रकार त्याहून अजब. वेस्ट बँकेतल्या वसाहतकऱ्यांना इस्रायलचे कायदे लागू ठेवणारी तरतूद दर काही वर्षांनी वाढवावी लागते. जूनमध्ये ती ५८ विरुद्ध ५२ ने पडली, आणि पाडणाऱ्यांत लिकूद होता. अरब पक्षाच्या टेकूवरचं बेनेट-लापिड सरकार पाडायचं, म्हणून वसाहतकऱ्यांच्या कैवाऱ्यांनी त्यांच्याच कायद्याविरुद्ध हात वर केले.

भाची : म्हणजे आपल्याकडे तत्त्वासाठी आघाडी मोडतात हे खोटं. आघाडी मोडायला तत्त्व मोडतात.

मामा : सगळ्यांनाच एका मापात तोलू नको.

भाची : जानेवारी २०२५ मध्ये गाझात युद्धविराम होऊन ओलीस सुटू लागले, तेव्हा कडवे उजवे मंत्री बेन-ग्वीर सरकारबाहेर पडले. १८ मार्चला गाझावर पुन्हा बॉम्ब पडले आणि ते परतले. ३१ मार्चपर्यंत अर्थसंकल्प मंजूर झाला नसता तर क्नेसेट आपोआप बरखास्त झाली असती. तो २५ मार्चला ६६ मतांनी मंजूर झाला.

मामा : युद्धाला दुसरी कारणं नव्हती का? हमासने सगळे ओलीस सोडले होते का?

भाची : नव्हते सोडले. कारणं असतील. मी फक्त तारखा ओळीने ठेवल्या.

मामा : वकीलच होणार तू.

भाची : मग अजून एक मोजणी राहिली. आपण दोघं तासभर ६१ मोजतोय. वेस्ट बँकेत एकाच टेकडीवर दोन वस्त्या असतात. वरची इस्रायली माणसं क्नेसेटला मत देतात, खालची पॅलेस्टिनी देत नाहीत. खालच्यांचं काय व्हायचं हे मात्र वरच्यांच्या मतावर ठरतं.

मामा : त्यांना त्यांचं मत द्यायला कुणी अडवलंय? त्यांच्या संसदेची शेवटची निवडणूक २००६ ची. अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, अजून तिथेच. २०२१ मध्ये निवडणूक जाहीर केली आणि स्वतःच पुढे ढकलली. उद्या त्यांच्याशी करार केलास तर तिकडे तरी ६१ आहेत का?

भाची : नाहीत. तिकडेही नाहीत, आणि ते आपल्याला सोयीचं पडतं. समोर कुणी नाही म्हटलं की इकडे कुणाला काही विचारावंच लागत नाही.

मला वाटतं, पेच इथे आहे. मोठं बहुमत मागणं गैर नाही. ते एकाच दिशेने मागणं गैर आहे. करार करायचा तर सभागृहात उभं राहून एकेक हात मोजावा लागतो. काहीच न करण्याला मात्र कधी मतदान होत नाही, म्हणून त्याला बहुमत आहे की नाही हे कुणी विचारतही नाही. आणि त्या ‘काहीच न करण्या’त रस्ते होतात, घरं होतात, पुढच्या कराराची किंमत वाढत जाते. आज आघाडीत शांतता बसत नाही म्हणतात. मला शंका आहे की आघाडीला ती बसवायची निकडच नाही, कारण न बसवण्याचं बिल पुढच्या सरकारच्या नावावर फाटतं.

भाची : तुम्हाला मोठं बहुमत हवं होतं ना? १८ जुलै २०२४ ला मिळालं. पॅलेस्टिनी राज्य नको, या ठरावाला ६८ विरुद्ध ९. विरोधी बाकांवरच्या गांत्झ यांच्या पक्षानेही बाजूने मत दिलं, लापिड यांचा पक्ष सभागृहाबाहेर गेला.

मामा : हा तर लोकांचाच कौल झाला.

भाची : असेल. पण त्या ठरावानंतर ओलिसांच्या आईला, गाझालगतच्या स्देरोतच्या शाळेला आणि गाझातल्या खान युनिसच्या तंबूला पुढे काय, हे त्या ६८ जणांपैकी कुणाला सांगावं लागलं नाही. बेगिन अठ्ठ्याहत्तर साली उभा राहिला तेव्हा त्याला सांगावं लागलं होतं.

मामा : बेगिन पुन्हा होत नाही.

भाची : मग नियम तरी सारखा करा. जमीन सोडायला ८०, तर नवी वस्ती वसवायला आणि जोडून घ्यायलाही ८०. मोजताना सगळे नागरिक मोजा, पाच वजा न करता. एवढं मान्य आहे का? हो किंवा नाही.

मामा : असा कायदा आलाच, तर माझं मत मी देईन. माझा पक्ष देणार नाही.