आस्मानी, सुलतानी आणि शेजार

वेस्ट व्हर्जिनिया या अमेरिकन राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, जेथे ॲपलेशियन पर्वताच्या रांगा इतक्या दाटीने उभ्या आहेत की दोन डोंगरांमधील चिंचोळ्या पट्टीत ओढा, रस्ता, लोहमार्ग आणि घरांची एक ओळ यांनाच कशीबशी जागा मिळावी, तेथे मॅक्डॉवेल नावाची काउंटी आहे. आपल्या जुन्या दप्तरांच्या परिभाषेत तिला परगणा म्हटले तरी चालेल. १९५० च्या शिरगणतीत या परगण्याची लोकसंख्या ९८,८८७ भरली होती. २०२० च्या शिरगणतीत ती १९,१११ उरली. सत्तर वर्षांत पाच माणसांतील चार नाहीशी व्हावीत असे परचक्र तेथे आले नाही, महामारी आली नाही, की भूकंपही झाला नाही. मग जे झाले त्याला नाव कोणते द्यावे? हा प्रश्न अर्थशास्त्र्याच्या स्वाधीन करून मोकळे होता आले असते. परंतु जे लोक मागे राहिले ते मोठे धर्मनिष्ठ, दर दोन वळणांमागे एक प्रार्थनामंदिर असलेल्या मुलुखातले, आणि त्यामुळे आपल्यावरील आपत्ती कोणाच्या हातची हे ठरवणे त्यांच्या दृष्टीने प्रथम ईश्वरविषयक आणि मागाहून अर्थविषयक असते.

आपल्या रयतेने या प्रश्नासाठी फार पूर्वीच दोन रकाने आखून ठेवले होते. पाऊस दडी मारतो ती आस्मानी. वसुलीचा तगादा लागतो ती सुलतानी. पहिलीपुढे हात जोडावेत, दुसरीविरुद्ध फिर्याद करावी आणि फिर्याद ऐकणारा कोणी नसेल तर गाव सोडून परागंदा व्हावे, हा तिचा शिरस्ता. तत्त्वचिंतकांनी दैव आणि पुरुषकार यांवर लिहिलेल्या ग्रंथांपेक्षा हा शिरस्ता अधिक व्यवहारी आहे, कारण त्यात दोन्ही आपत्तींची गल्लत होऊ न देण्याची दक्षता आहे. मॅक्डॉवेलचा इतिहास वाचताना मला जे प्रकर्षाने जाणवते ते असे की, तेथे पिढ्यानपिढ्या सुलतानीची नोंद आस्मानीच्या रकान्यात होत गेली. त्या कामी धर्माचा उपयोग करून घेतला गेला, आणि ती खोटी नोंद खोडण्याचे बळ ज्यांना आले त्यांनाही ते पुष्कळदा त्याच धर्मातून आले.

१८८० नंतरच्या दशकांत नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीची रेल्वे या डोंगरांत शिरली आणि पोकाहाँटस या नावाने प्रसिद्ध असलेला उत्तम प्रतीचा कोळसा बाहेर पडू लागला. दक्षिणेतील शेतमळ्यांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर, इटली आणि हंगेरीहून आलेले स्थलांतरित आणि मूळचे डोंगरी शेतकरी असे तीन प्रकारचे लोक एकाच बोगद्यात उतरू लागले. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, वैद्य कंपनीचा. मजुरीदेखील पुष्कळ ठिकाणी कंपनीने पाडलेल्या बिल्ल्यांत मिळे आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालत. यापलीकडची गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे: अनेक वसाहतींतून प्रार्थनामंदिरही कंपनी बांधून देई आणि धर्मोपदेशकाच्या वेतनाचा भारही थोडाबहुत तीच उचली. ज्याचे वेतन खाणमालकाकडून येते तो व्यासपीठावरून आज्ञाधारकपणा आणि परलोक यांविषयीच अधिक बोलणार, हे सांगण्यास भाष्यकार नको. कामगारांनाही ते कळत होते. म्हणून पुष्कळ जण त्या मंदिराकडे पाठ फिरवून, आठवडाभर स्वतः कोळसा फोडणाऱ्या आणि रविवारी बायबल हाती घेणाऱ्या आपल्यातल्याच उपदेशकाभोवती जमत. इजिप्तच्या दास्यातून आपल्या लोकांना बाहेर काढणारा मोझेस अशा उपदेशकाच्या मुखी आला की तो केवळ पुराणपुरुष राहत नसे, आणि कामगारसंघाच्या सभेत पुढे उभे राहणारे पुष्कळदा हेच उपदेशक असत.

या संघर्षाची परिणती कोठे झाली हे सांगितले पाहिजे. शेजारच्या मिंगो काउंटीतील मेटवान गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड हा खाणमालकांनी आणलेल्या भाडोत्री शस्त्रधाऱ्यांविरुद्ध १९२० साली कामगारांच्या बाजूने उभा राहिला होता. दुसऱ्या वर्षी एका आरोपाचा जाब देण्यासाठी त्याला मॅक्डॉवेलच्या मुख्य ठाण्यास, वेल्च येथे, यावे लागले. आणि १ ऑगस्ट १९२१ रोजी, निःशस्त्र असताना, पत्नीच्या देखत, न्यायकचेरीच्या पायऱ्यांवर त्याला आणि त्याच्या सोबत्याला त्याच भाडोत्री यंत्रणेच्या माणसांनी गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही. फिर्याद ऐकण्याची जागा हीच वधाची जागा झाल्यावर रयतेने काय करावे? त्याच महिन्याच्या अखेरीस हजारो खाणकामगार शस्त्रे घेऊन ब्लेअर माउंटन या डोंगरावर चालून गेले आणि त्यांना थांबवण्यास सरकारी सैन्य आणावे लागले.

पुढे संघ आला, मजुरी वाढली, काही काळ बरे दिवसही आले. मग कोळसा काढणारी यंत्रे आली. १९५० च्या करारात कामगारसंघाचा पुढारी जॉन लुईस याने वेतन आणि आरोग्यनिधी यांच्या मोबदल्यात यांत्रिकीकरणास संमती दिली. कोळसा निघतच राहिला, माणसे मात्र नकोशी झाली. युनायटेड स्टेट्स स्टील या बलाढ्य कंपनीने आपल्या एल्बर्ट गॅरी या अध्यक्षाच्या नावाने वसवलेल्या गॅरी गावातील खाणी १९८० नंतरच्या दशकात बंद पडल्या. ज्या कोळशातून अर्ध्या अमेरिकेच्या पुलांचे आणि इमारतींचे पोलाद झाले, तो ज्यांच्या पायाखालून गेला त्यांच्याजवळ त्यापैकी काय उरले, याचा ताळेबंद कोणत्याही कचेरीत ठेवलेला नाही.

१९६० साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जॉन केनेडी या राज्यात फिरला, तेव्हा त्याच्यापुढे अडचण होती ती धर्माची. तो कॅथलिक आणि मतदार बहुतेक प्रॉटेस्टंट. पोपचा अनुयायी या डोंगरांत टिकणार नाही, असे राजकारणातले जाणते सांगत होते. मतदारांनी त्याला विजयी केले, आणि त्यानेही जे पाहिले ते विसरण्याचा कृतघ्नपणा केला नाही. अधिकारावर येताच काढलेले त्याचे पहिले फर्मान गरजू कुटुंबांना अधिक अन्न पुरवण्याविषयी होते, आणि २९ मे १९६१ रोजी वेल्चमधील एका दुकानात पंधरा माणसांच्या एका कुटुंबाने नव्या योजनेतील ९५ डॉलरच्या अन्नमुद्रा देशात प्रथम घेतल्या. त्या काळी या मुद्रा फुकट मिळत नसत. कुटुंबाने ऐपतीप्रमाणे काही रक्कम भरावी आणि अधिक मूल्याच्या मुद्रा घ्याव्यात, अशी रीत होती आणि ती १९७७ च्या कायद्यापर्यंत चालली. अर्थशास्त्रज्ञ तिचे दोष सांगतील आणि ते खरेही असतील, कारण ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने भरायचे काय? परंतु घेणारा हा ग्राहक आहे, याचक नव्हे, एवढी एक गोष्ट त्या रीतीत सांभाळली गेली होती.

या लोकांची श्रद्धा बाहेरच्या जगाला माहीत झाली ती मुख्यतः सर्पांमुळे. याच काउंटीत जोलो नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील मंदिरात उपासनेच्या वेळी विषारी सर्प, विशेषतः त्या देशातील खुळखुळ्या साप, हाती धरण्याची प्रथा अर्धशतकाहून अधिक काळ चालू होती. मार्कच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस, श्रद्धावंत सर्प उचलतील आणि त्यांना अपाय होणार नाही, अशा आशयाचे वचन आहे. ते या मंडळींनी अक्षरशः घेतले. शेजारच्या काही राज्यांनी ही प्रथा कायद्याने बंद केली, वेस्ट व्हर्जिनियाने केली नाही. २०१२ साली याच काउंटीतील उघड्यावरच्या एका उपासनेत सर्पदंश होऊन एक उपदेशक मरण पावला. त्याचा पिताही त्याच मार्गाने गेला होता. आश्चर्य असे की मार्कच्या ग्रंथाच्या ज्या शेवटच्या ओव्यांवर ही माणसे प्राण पणाला लावतात, त्या सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत नाहीत, आणि बहुतेक पंडित त्या प्रक्षिप्त मानतात. नागरी वृत्तपत्रांना या प्रकारात केवळ अज्ञान दिसते. मला तसे म्हणवत नाही, आणि त्याची स्तुतीही करवत नाही. जेथे बापजाद्यांनी प्रत्येक सकाळी केव्हा कोसळेल याचा नेम नसलेल्या छताखाली जाऊन भाकरी मिळवली, तेथे मृत्यूला स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या हाताने उचलावे, कोणी लोटले म्हणून नव्हे, असे वाटण्यात एक विपरीत स्वातंत्र्य आहे. परंतु सापाने घेतलेला प्राण आणि निष्काळजी मुकादमाने घेतलेला प्राण हे दोन्ही ईश्वरेच्छेच्या एकाच खात्यात जमा करण्याची सवय लागली की दुसऱ्या प्राणाचा जाब मागायचा राहून जातो.

याच डोंगराळ मुलुखात एक दुसरा, अतिशय अल्पसंख्य पंथ आहे, ज्याच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहिलेले नाही. ते स्वतःला प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट म्हणवतात आणि इतर लोक त्यांना नरक न मानणारे म्हणून ओळखतात. मरणोत्तर नरक नाही, अखेरीस सर्व मानवांचा उद्धार ठरलेला आहे, आणि पापाची जी काही यातना असेल ती याच देही, याच जगात भोगून संपते, असे त्यांचे मत. कर्मविपाकाच्या सिद्धान्तात वाढलेल्या आपल्या मनाला हे प्रथम ओळखीचे वाटते आणि लगेच खटकते. कारण आपण यातनेचे मूळ भोगणाऱ्याच्या मागील जन्मात शोधतो, तर हे लोक मागील जन्माची पळवाट ठेवत नाहीत. नरक येथेच असेल तर तो कोणी पेटवला, हा प्रश्न अटळ होतो. त्या पंथाने तो विचारला असे मी म्हणत नाही. ती साधी, भांडणाचा तिटकारा असलेली माणसे आहेत. पण त्यांच्या सिद्धान्तात तो दडलेला आहे.

तो प्रश्न उघडपणे विचारला गेला १९७२ साली, आणि तोही मंदिरात नव्हे. याच राज्यातील लोगन काउंटीत बफेलो क्रीक नावाच्या ओढ्याच्या उगमाशी कोळशाच्या गाळाचा एक बांध २६ फेब्रुवारीला फुटला आणि १२५ माणसे वाहून गेली. ज्या कंपनीचा तो बांध होता तिच्या वतीने सांगण्यात आले की ही ईश्वराची कृती आहे. कायद्याच्या परिभाषेत या शब्दांना विशिष्ट अर्थ आहे, तो असा की, जबाबदारी कोणाचीच नाही. परंतु ज्यांची मुले वाहून गेली ते लोक कायदेपंडित नव्हते. रोज रात्री ईश्वराचे नाव घेऊन निजणारे होते, आणि आपला ईश्वर गाळाचे ढिगारे रचत नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. ते संतापले, ते ईश्वराच्या अब्रूसाठीही. ज्या श्रद्धेला आपण अफू म्हणून हिणवतो तिनेच तेथे जाग आणली. सहाशेहून अधिक लोकांनी दावा लावला आणि १९७४ साली कंपनीने सुमारे १ कोटी ३५ लक्ष डॉलर देऊन तो मिटवला. बांध फुटण्याच्या तीन वर्षे आधी, १९६९ च्या फेब्रुवारीत, याच राज्याच्या खाणकामगारांनी संप करून असेच एक खाते बदलून घेतले होते: कोळशाच्या धुळीने फुप्फुसे काळी पडतात तो आजार वर्षानुवर्षे खाणवाल्याचा नेहमीचा दमा म्हणून नियतीच्या नावे मांडला जात होता, त्या संपानंतर तो कायद्याने भरपाईस पात्र ठरला.

आणि आता शेजार. आज मॅक्डॉवेलमध्ये राहणाऱ्या माणसांना एकमेकांवाचून गत्यंतर नाही, आणि ते एकमेकांना अंतर देत नाहीत, असे तेथे गेलेला प्रत्येक जण लिहितो. २००१ आणि २००२ साली लागोपाठ पूर आले, २०२५ साली पुन्हा आला. प्रत्येक वेळी सरकारी मदतीच्या आधी मंदिरांच्या चुली पेटल्या. पण या शेजारधर्माचीही एक मर्यादा आहे आणि ती किंबल येथे जितकी स्पष्ट दिसली तितकी क्वचितच दिसते. तेथे पाच भाकरी आणि दोन मासे यांच्या शुभवर्तमानातील कथेचे नाव धारण करणारे एक धर्मादाय अन्नभांडार आहे. त्याच गावात वॉलमार्टचे भव्य दुकान होते आणि विकले न गेलेले अन्न ते या भांडारास देई. २०१६ च्या आरंभी, नफा पुरेसा नाही म्हणून, दुकान बंद झाले. रोजगार गेले, हे सर्वांना अपेक्षित होते. पण ज्यांचे रोजगार गेले त्यांना ज्या भांडाराचा आधार घ्यावा लागणार, त्याच्या पुरवठ्याचा मोठा झराही त्याच दिवशी आटला. दया ज्याच्या शिलकीवर अवलंबून होती त्याने गाशा गुंडाळला, तेव्हा तीही त्याच्याबरोबर निघून गेली.

गीतेने सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही आणि ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशास कर्तव्यबुद्धीने दिलेले ते दान, असे म्हटले आहे. या कसोटीवर मॅक्डॉवेलला बाहेरून मिळणारी मदत दान ठरतच नाही, कारण घेणाऱ्याने उपकार आधीच करून ठेवला आहे. मजुरी चुकती केली म्हणजे हिशेब मिटला, असा आक्षेप येथे येईल. मजुरी श्रमाची होती. फुप्फुसांची नव्हती, खचलेल्या डोंगरांची नव्हती, आणि कंपन्या निघून गेल्यावर मागे राहिलेल्या गंजक्या नळांची तर नव्हतीच. कीस्टोनसारख्या गावांत पाणी उकळून प्यावे ही सूचना वर्षानुवर्षे कायम राहिली, आणि अनेक कुटुंबे आजही डोंगरातील झऱ्यावरून किंवा जुन्या खाणीच्या तोंडावरून पाणी भरून आणतात. २०१० च्या गणनेनुसार या परगण्यातील पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आत होते, तर साडेतीनशे मैलांवरच्या, राजधानीलगतच्या फेअरफॅक्स काउंटीतील पुरुषाचे ८२ च्या आसपास. एकाच देशात, एकाच ईश्वराची प्रार्थना करणाऱ्या दोन परगण्यांत अठरा वर्षांचे हे अंतर आकाशातून पडलेले नाही.

शेजाऱ्याने शेजाऱ्यास कालवण द्यावे, पुरात हात द्यावा, प्रेताला खांदा द्यावा. मॅक्डॉवेलची मंदिरे हे सर्व करीत आली आहेत आणि पुढेही करतील. वेल्चच्या आसपासच्या खोऱ्यांत स्वच्छ पाण्याचे नळ पोहोचवणे हे मात्र मंदिरांचे काम नाही. ते वेस्ट व्हर्जिनियाच्या खजिन्याचे, वॉशिंग्टनच्या दरबाराचे आणि ज्यांनी कोळसा नेला त्यांच्या वारसदारांचे काम आहे, आणि ते अजून पुरे झालेले नाही.