मंडळाची सरासरी, ओढ्याकाठचं वावर

2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच वर्षी सप्टेंबर सरता सरता मराठवाड्यात धो धो पाऊस झाला आणि मांजरा धरण भरलं, हे मात्र सांगावं लागतं. सरकारी दप्तरात दुष्काळाची फाईल वेगळी, अतिवृष्टीची वेगळी. तीन एकरांच्या शेतकऱ्याला दोन्ही एकाच सातबाऱ्यावर भेटतात, आणि कधी कधी एकाच हंगामात: जुलैत पावसाचा खंड, सप्टेंबरात बांध फोडणारं पाणी. 2015-16च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर निघालं. एवढ्याशा रानात एक हंगाम बुडाला की पुढच्या पेरणीचं बियाणं उधारीवर येतं.

यावर उपाय म्हणून पीकविमा आहे. त्याची आजची घडण समजून घ्यायची तर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकरांपर्यंत मागं जावं लागतं. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजणं आपल्या देशात परवडणारं नाही, त्यात लबाडीलाही वाव राहतो, म्हणून पीकविमा अशक्यच, असा सूर 1970च्या दशकाच्या सुरुवातीला होता. दांडेकरांनी 1976मध्ये तो खोडला. शेतकरी मोजू नका, परिसर मोजा, असा त्यांचा युक्तिवाद होता. एका परिसराचं उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली गेलं तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. 1979च्या प्रायोगिक योजनेपासून 1985ची सर्वंकष पीकविमा योजना आणि 2016ची प्रधानमंत्री पीकविमा योजना इथपर्यंत हाच कणा टिकला आहे. परिसर म्हणून धरलं जाणारं महसूल मंडळ, उत्पन्न मोजणारे पीक कापणी प्रयोग, ठरलेली पातळी म्हणजे उंबरठा उत्पन्न, हे शब्द आता पारावरही ऐकू येतात.

युक्तिवाद चोख होता, पण तो मुळात दुष्काळाला शोभतो. दुष्काळ भेदभाव करत नाही. मंडळात पाऊस नाही म्हणजे माळावरही नाही आणि ओढ्याकाठीही नाही. सरासरी तिथं खरं बोलते. पुराची चाल निराळी. तो उतार बघून, ओढा धरून शिरतो. भरपूर पावसाच्या साली निचऱ्याच्या रानात सोयाबीन जोमदार येतं आणि चार गट सोडून खालच्या वावरात शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. दोन्हींची सरासरी काढली की मंडळ ठणठणीत दिसतं.

ही फट बुजवण्यासाठीच स्थानिक आपत्तीची तरतूद होती. शेत पाण्याखाली गेलं की 72 तासांत कळवायचं, मग त्या शेताचाच पंचनामा. रस्ता वाहून गेलेला, वीज नाही, मोबाईल बंद, अशात 72 तास मोजणाऱ्या नियमाबद्दल काय बोलावं! तरीही ती एक वाट होती. 2023मध्ये राज्यानं एक रुपयात विमा आणला, बोगस अर्जांचा पूर आला, आणि 2025च्या मे महिन्यात रुपयाच्या विम्याबरोबर ही तरतूदही काढून टाकली गेली. उरले ते पीक कापणी प्रयोग. त्याच वर्षी सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा या नद्या पात्र सोडून वाहिल्या. बोगस अर्ज रोखायलाच हवे होते. पण त्यासाठी ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला सरासरीच्या हवाली करणं हा माझ्या मते उलटा न्याय झाला.

खरं तर पाणी कुठं शिरतं हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. कोणते गट दर मोठ्या पुरात बुडतात, हे ग्रामसभेत एका बैठकीत नकाशावर मांडता येईल, उपग्रहाच्या चित्रांशी ताडून बघता येईल. त्या गटांसाठी वेगळं विमा एकक करायला काय हरकत आहे? दुष्काळासाठी मंडळ, पुरासाठी ओढ्याचं खोरं. दांडेकरांच्या तर्काला यानं धक्का लागत नाही; परिसर तेवढा पाण्याच्या वाटेनं आखला जातो.

रानातही दोन्ही संकटांना पुरून उरणारी युक्ती आहे. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेनं काळ्या भारी जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) पद्धत विकसित केली. पीक वरंब्यावर राहतं; पाऊस जास्त झाला तर सरी जादा पाणी बाहेर काढते आणि खंड पडला तर तिच्यात मुरलेलं पाणी कामी येतं. पण त्यासाठी ट्रॅक्टरचं बीबीएफ यंत्र लागतं, आणि ते वापशाच्या त्याच चार दिवसांत सगळ्या गावाला हवं असतं. तीन एकरवाल्याचा नंबर शेवटी. यंत्राच्या अनुदानापेक्षा शेतकरी गटाकडं भाड्यानं मिळणारी दोन जास्तीची यंत्रं त्याला अधिक उपयोगी.

आणि माती? पीकविमा पिकाचा असतो, जमिनीचा नव्हे. खरडून गेलेल्या जमिनीसाठी आपत्ती निवारण निधीतून 2025मध्ये हेक्टरी 47,000 रुपये मिळत होते, जिरायत पिकाच्या नुकसानीला 8,500. खडक उघडा पडलेल्या रानात पुन्हा माती भरायची तर ही रक्कम टिपरांच्या भाड्यातच संपते. धरणांतला गाळ शेतात नेण्याची योजना राज्यात आहेच; पुढच्या उन्हाळ्यात तिच्यात पहिला हक्क खरडलेल्या गटांना द्यायला हवा. मदतीचा पैसा हरभऱ्याची पेरणी उरकायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरातच हाती पडला तर रब्बी सावरतो. जानेवारीत आलेला पैसा व्याजात जातो. बटईनं करणाऱ्याला तर तोही नाही: बियाणं त्याचं, राबणं त्याचं, आणि सातबाऱ्यावर नाव मालकाचं असल्यामुळं अनुदान शहरातल्या खात्यात जमा.