ताजेपणाची किंमत कोण देतो?

भाजी घेताना तुम्ही टोमॅटो उचलून हलकेच दाबून पाहता का? आपण बहुतेक सगळेच पाहतो. मऊ लागला की बाजूला ठेवतो, डाग दिसला की दुसरा उचलतो. ताजे घ्यावे, ताजे शिजवावे, ताजे खावे हे आपण साधनेच्या पहिल्या दिवसांपासून ऐकत आलो आहोत. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तर शिजवून एक प्रहर उलटून गेलेल्या अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. तेव्हा ताजे निवडणे चांगलेच. पण या निवडीबरोबर एक प्रश्नही घरी येतो आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आपल्याला मिळणाऱ्या ताजेपणाची किंमत नेमकी कोण देतो?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी एक साधा पदार्थ घेऊ या, घरी केलेला टोमॅटोचा साल्सा.

साल्सा आणि कोशिंबीर

बेंगळुरूच्या मोठ्या दुकानांत साल्सा बाटलीत मिळतो, त्यामुळे तो काहीतरी परदेशी आणि अवघड पदार्थ वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या कोशिंबिरीचा आणि ठेच्याचा लांबचा भाऊ आहे. टोमॅटोची रानटी जात दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातली. त्याची शेती मेक्सिकोत रुजली. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मगुरूने तिथल्या बाजाराचे वर्णन लिहिले. त्यात टोमॅटो, मिरची आणि भोपळ्याच्या बिया घालून केलेले सॉस विकणाऱ्यांचा उल्लेख आहे. आपल्याकडे पाटा-वरवंटा आणि खलबत्ता, तसे त्यांच्याकडे तीन पायांचे दगडी खल. मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली आणि इतकी आपली झाली की तिच्याशिवाय ठेच्याची कल्पनाही करवत नाही.

इथे बेंगळुरूमध्ये रामनवमीला रस्तोरस्ती पानक आणि ताकाबरोबर कोसंबरी वाटतात. भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओले खोबरे, लिंबू आणि वर मोहरीची फोडणी. मराठी माणसाला तिची चव आणि तिचे नाव, दोन्ही ओळखीचे वाटते.

चार जणांसाठी साल्सा करायचा असेल तर चार पिकलेले पण घट्ट टोमॅटो घ्या. एक कोवळी काकडी, एक-दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. मेक्सिकोत यात कांदा असतोच. आपण कांदा-लसणाशिवाय करत असू तर कुरकुरीतपणा काकडी देते आणि उन्हाळ्यात थोडी कैरीही चालते. सगळे बारीक चिरा, मीठ-लिंबू घाला आणि दहा मिनिटे थांबा. मिठामुळे टोमॅटोला पाणी सुटते. ते टाकू नका, सगळी चव त्यातच उतरलेली असते. टोमॅटो आधी फ्रिजमध्ये ठेवले नसतील तर उत्तम, कारण थंडीत त्यांचा सुगंध मंदावतो.

या पदार्थात तेल नाही, वाटण नाही, शिजवणे नाही. टोमॅटो चांगला नसेल तर ते झाकायला काहीच नाही. म्हणजे आपल्या वाटीतली चव आपल्या हातावर कमी आणि दूर कुठेतरी योग्य दिवशी तो टोमॅटो तोडणाऱ्या हातावर जास्त अवलंबून आहे.

टोमॅटो थांबत नाही

बेंगळुरूपासून सुमारे ७० किलोमीटरवर कोलार आहे. तिथला टोमॅटो बाजार देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. तिथे पंधरा किलोच्या पेट्यांचा लिलाव होतो. महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यातले नारायणगाव आणि नाशिक जिल्ह्यातले पिंपळगाव बसवंत या बाजारांची नावे तुम्ही ऐकली असतील.

टोमॅटो लावणारा शेतकरी रोपे, खत, औषध फवारणी, बांबू, तार आणि सुतळी यांवर आधीच पैसे घालून बसलेला असतो. फळ रंगू लागले की तोडणी सुरू होते आणि ती थांबवता येत नाही. गहू किंवा तूर काही महिने घरात ठेवता येते, भाव येईपर्यंत वाट पाहता येते. पिकलेल्या टोमॅटोला वाट पाहणे माहीत नाही. म्हणून लिलावात आज जो भाव निघेल तो घ्यावा लागतो. भाव इतका पडला की तोडणीची मजुरी, गाडीभाडे आणि हमालीसुद्धा निघत नाही, तर माल बाजारात नेणे म्हणजे नुकसानात आणखी भर घालणे. मग तो शेतातच सोडला जातो किंवा रस्त्याच्या कडेला ओतला जातो. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात 'नाशवंत माल' एवढे दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ हा आहे. ज्या गुणामुळे टोमॅटो आपल्याला हवाहवासा वाटतो, तोच गुण पिकवणाऱ्याला बाजारात दुबळा करतो.

२०२३ हे वर्ष आठवा. उन्हाळ्यात भाव पडलेले होते, म्हणून अनेकांनी पिकाकडे पाठ फिरवली. मग उष्णता, पाऊस आणि रोग यांनी उरलेले पीक मारले. जुलैमध्ये शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, काही ठिकाणी दोनशेच्याही पुढे. कोलारमध्ये पंधरा किलोच्या पेटीने दोन हजार रुपये ओलांडले. केंद्र सरकारने सहकारी संस्थांमार्फत सवलतीच्या दरात टोमॅटो विकला. घरोघरी, कार्यालयांत, समाजमाध्यमांवर एकच विषय होता. तो भाव पाहून पुष्कळांनी लागवड केली आणि सप्टेंबरमध्ये आवक एवढी वाढली की शेतकऱ्याच्या हातात काही बाजारांत किलोमागे दहा रुपयेही पडेनात.

आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. जुलै तुम्हाला आठवतो. सप्टेंबर आठवतो का?

कृतज्ञता म्हणजे जाणणे

जुलैत नुकसान आपले होते, सप्टेंबरमध्ये दुसऱ्याचे. आपण ध्यानाला बसतो तेव्हा सुख-दुःखात मन स्थिर राहावे असा प्रयत्न करतो. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याची आणखी एक कसोटी सांगितली आहे. दुसऱ्याचे सुख-दुःख जो स्वतःसारखेच पाहतो, त्याला श्रेष्ठ योगी म्हटले आहे. ही कसोटी आसनावर लागत नाही. ती भाजीच्या गाडीसमोर, हातात पिशवी असताना लागते. आपल्याला महाग पडले तर तो अन्याय आणि दुसऱ्याला कवडीमोल मिळाले तर ती आपली चांगली खरेदी, असे मनाने धरले असेल तर समत्व अजून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेले नाही.

इथे 'कृतज्ञता' हा शब्द मदतीला येतो. लेखांचे भाषांतर करताना तो सतत समोर येतो आणि सवयीने लिहिलाही जातो. पण तो उलगडून पाहिला तर त्याचा अर्थ फार नेमका आहे. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात भावनेच्या आधी ज्ञान आहे. जेवणाआधी हात जोडून आपण 'सर्वांचे आभार' म्हणतो, ते चांगलेच आहे. पण त्या 'सर्वां'मध्ये कोण आहे हे ठाऊक नसेल, तर ते आभार पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखे राहतात.

पण माझ्या एकट्याने काय होणार?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. गाडीवाल्याला चार रुपये जास्त दिले, तर ते कोलारच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या रुपयातला साधारण एक तृतीयांश वाटाच शेतकऱ्याकडे जातो. मधली साखळी लांब आहे. साठवण, वाहतूक, प्रक्रिया आणि बाजाराची व्यवस्था सुधारल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही आणि ते काम आपल्या चांगुलपणाने एकट्याने होणारे नाही. उलट, चार रुपये जास्त देऊन 'मी माझे केले' असे समाधान वाटू लागले तर ती स्वतःचीच फसवणूक ठरेल.

मग काही करायचेच नाही का? कर्तव्य फळावरून मोजायचे नसते हे आपण शिकलो आहोत. पण त्याचा अर्थ परिणामाकडे डोळेझाक करणे असाही नाही. जगाचा बाजार आपल्या हातात नाही. आपला अंगठा, आपली पिशवी आणि आपली वाटी मात्र आहे.

अंगठ्यापासूनच सुरुवात करू या. आपण दाबून पाहिलेला आणि न घेतलेला प्रत्येक टोमॅटो संध्याकाळपर्यंत तिथे मऊ पडतो. आपल्या ताजेपणाची खात्री करून घेण्याचा खर्च गाडीवाल्याच्या टोपलीत जमा होतो. रंग आणि देठ पाहूनही टोमॅटो कळतो. तेवढे पुरे.

पुढे आणखी काही गोष्टी करता येतील. वाकडा, लहान किंवा एका बाजूला पिवळसर टोमॅटो साल्साला तितकाच चालतो, चिरल्यावर कोणाला आकार दिसत नाही. फार पिकलेला आमटीला किंवा सारासाठी घ्या. भाव पडलेले असतात तेव्हा थोडे जास्त घ्या आणि शिजवून गर करून ठेवा, कारण खप वाढण्याची गरज तेव्हाच असते. शेतकऱ्यांच्या संस्थेकडून घेता आले तर जरूर घ्या. बेंगळुरूमधले हॉपकॉम्स हे त्याचे जुने उदाहरण. १९५९ मध्ये द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था म्हणून ते सुरू झाले आणि आज तिथे भाज्या-फळे दोन्ही मिळतात. तुमच्या गावाजवळही शेतकऱ्यांचा गट किंवा आठवडी बाजार असेल. आणि घरात आणलेला एकही टोमॅटो फ्रिजच्या कोपऱ्यात कुजू देऊ नका. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाचा अनादर न करणे हे व्रत म्हणून सांगितले आहे. शिळे टाळायचे म्हणून भरपूर ताजे आणायचे आणि नंतर ते फेकायचे, हे त्या व्रतात बसत नाही.

येत्या सत्संगाच्या दिवशी हा साल्सा करून पाहा. कोणी चिरेल, कोणी लिंबू पिळेल, लहान मुले कोथिंबीर निवडतील. मीठ घातल्यावर जी दहा मिनिटे थांबायचे आहे, त्या वेळात टोमॅटो कुठून आले असतील, आज तिथे काय भाव निघाला असेल, यावर बोला. हल्ली बाजारभाव फोनवरही पाहता येतो. मग सर्वांना वाढा आणि प्रार्थना म्हणा. ती म्हणताना कोणाचे आभार मानतो आहोत हे तुम्हाला थोडे अधिक माहीत असेल.