कपाळावरचं गोंदण

गेल्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीकडच्या एका ओळखीच्या घरात जमलेलं लग्न मोडलं. मुलगी डी.एड. झालेली. साखरपुड्याची तारीख निघालेली, मांडवाचं बोलणंही झालेलं. शाळेत असताना शिबिरात तिचं रक्त तपासलं होतं आणि त्याचं कार्ड आईने रेशनकार्डासोबत जपून ठेवलं होतं. त्यावर ‘एएस पॅटर्न’ असं लिहिलेलं. नंतर कुणी फसवलं म्हणू नये म्हणून आईनेच ते पुढे केलं. दोन दिवसांनी निरोप आला : ‘पोरीले सिकल हाये, आमाले नाई जमत.’

पोरीला सिकल नव्हता. ती वाहक होती. तिच्या रक्तात सिकलचा एक जीन आणि एक साधा जीन आहे. ती धावते, राबते, चार चौघींसारखी जगते. मुलगा ‘एए’ असता, म्हणजे त्याचे दोन्ही जीन साधे असते, तर त्यांच्या एकाही लेकराला हा आजार झाला नसता. पण मुलाचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. तोही ‘एएस’ असेल, तर तो आता एखाद्या न तपासलेल्या मुलीच्या घरी पोहे खायला जाईल. तिथे कार्डच नसल्यामुळे कुणाला काही खटकणार नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत हल्ली ‘पत्रिका राहू द्या, रक्त जुळवा’ अशा अर्थाच्या घोषणा ऐकू येतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असा तिचा संकल्प आहे. तपासणीला माझा विरोध नाही. माझं भांडण तपासणीलाच उपचार समजणाऱ्या कल्पनेशी आहे. ही कल्पना जुनी आहे आणि जगाने ती एकदा महागात विकत घेतलेली आहे.

सुरुवातीचा इतिहास शाळेच्या पुस्तकातला, तो भरभर उरकू. १९१० मध्ये शिकागोत हेरिकने ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगने दाखवलं की दोष रेणूत आहे. रेणूचा आजार ही संकल्पनाच तेव्हा जन्मली. पुढे इन्ग्रॅमने प्रथिनांच्या साखळीतला नेमका चुकलेला मणी शोधला. १९५४ मध्ये अ‍ॅलिसनने सांगितलं की वाहकाला मलेरिया सहसा मारत नाही. म्हणजे आपल्या जंगलात पिढ्यानपिढ्या हा जीन टिकला, कारण त्याने माणसं वाचवली. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीत सापडला आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी नागपूर भागातल्या महार समाजातल्या वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. विदर्भात तो कुणबी-तेल्यांच्या घरातही आहे. तरी भाषणांत तो अजून ‘आदिवासींचा रोग’च असतो. जीन जात विचारून रक्तात शिरत नाही, पण शिक्का जात विचारूनच बसतो.

इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दोन नोबेल मिळवणाऱ्या पॉलिंगने १९६८ मध्ये सुचवलं होतं की सिकलचा जीन असणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी. खूण असलेली दोन माणसं प्रेमातच पडणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. भामरागडकडच्या माडिया बायांच्या कपाळावर, गालांवर गोंदण असतं. मेल्यावर सोबत येणारा तेवढाच दागिना, असं म्हातार्‍या सांगतात. एका गोंदणात आपलेपणा आहे आणि दुसऱ्यात बहिष्कार. पॉलिंग दुष्ट नव्हता. रेणू कळला की रोग कळला आणि रोग कळला की माणसाने काय करायचं तेही कळलं, अशा सरळ रेषेत तो विचार करत होता.

योगायोग असा की त्याच १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणीचे नियम लिहिले. त्यांतला एक नियम आपल्या आजीलाही पटेल : सापडलेल्या माणसाला देण्यासारखा उपचार हाताशी असेल तरच तपासायला निघा.

अमेरिकेने तो नियम ऐकला नाही. १९७२ मध्ये निक्सनच्या काळात सिकल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच सुमारास अनेक राज्यांनी काळ्या लोकांची तपासणी सक्तीची केली. वाहक म्हणजे काय आणि रोगी म्हणजे काय, हे अधिकाऱ्यांनाच धड ठाऊक नव्हतं. वाहकांच्या नोकऱ्या गेल्या, विमा कंपन्यांनी हात वर केले. वायुसेनेच्या अकादमीचे दरवाजे त्यांच्यासाठी १९८१ पर्यंत बंद होते. आजाऱ्याला मात्र त्या कागदाने काहीच दिलं नाही.

ग्रीसमधल्या ओर्खोमेनोस गावची कथा तर आपल्या पोस्टरांशेजारीच लावायला हवी. तिथे सत्तरच्या दशकाच्या सुमारास स्टामाटोयानोपुलोस या शास्त्रज्ञाने गावाची तपासणी केली, लोकांना समजावलं आणि काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं. वाहक मुलामुलींना कमी लेखलं जात होतं. लग्न जमवताना घरची माणसं गोष्ट लपवत होती. आणि वाहक-वाहक जोडपी? काहीच न सांगता योगायोगाने जितकी झाली असती, तितकीच झाली होती. ब्रह्मपुरीच्या त्या आईने लपवलं नाही. तिच्या शेजारणीने त्यातून काय धडा घेतला असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

सायप्रसने थॅलेसेमियाला आवर घातला, हे उदाहरण यावर लगेच पुढे येतं. ते खरं आहे. पण तिथे दोघांचंही रक्त तपासलं जात होतं, गर्भातच निदान करण्याची सोय होती आणि आजारी मुलांना नियमित रक्तही मिळत होतं. सायप्रसमधून आपण फक्त कार्ड उचललं.

आता १९८६ कडे येऊ. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा सांधा याच वर्षी बदलला आणि आपण नेमकं तेच वर्ष चुकीचं वाचतो.

त्या वर्षी अमेरिकेत एक अगदी साधा प्रयोग छापून आला. सिकलच्या मुलाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, पहिल्या काही वर्षांतच अडकलेल्या पेशींनी निकामी होत जाते. पाणथरी गेली की न्यूमोकोकस जिवाणूंशी लढणारं कुणी उरत नाही. सकाळी तापलेलं लेकरू रात्रीपर्यंत जाऊ शकतं. तीन महिने ते तीन वर्षं वयाची २१५ मुलं घेतली. १०५ मुलांना रोज दोनदा पेनिसिलिनची गोळी दिली, ११० मुलांना औषध नसलेली. औषधाविना असलेल्या १३ मुलांना गंभीर संसर्ग झाला, त्यातली तीन दगावली. पेनिसिलिनवरच्या दोघांनाच संसर्ग झाला, मृत्यू एकही नाही. फरक इतका उघड दिसला की प्रयोग ठरल्याआधी आठ महिने थांबवावा लागला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या तज्ज्ञांनी शिफारस केली : प्रत्येक नवजात बाळाची सिकलसाठी तपासणी करा.

या घटनेचा आपल्याकडे सांगितला जाणारा अर्थ असा : ‘अमेरिकेने तपासणी केली आणि मुलं वाचली.’ मुलं वाचली ती गोळीने. तपासणी १९७२ मध्येही होती, तेव्हा तिने माणसं दुखावली. १९८६ नंतर तीच तपासणी जीव वाचवू लागली, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला आता काहीतरी होतं. तपासणीचं वयही बदललं. लग्नाच्या उंबरठ्यावरून ती पाळण्याकडे गेली. प्रश्न ‘हिने कुणाशी लग्न करावं’ असा नव्हता, ‘हे बाळ पाच वर्षांचं कसं होईल’ असा होता.

आपण हे वाचलंच नाही असं वाटतं. आमच्या मोहिमेच्या कागदांत नवजातांचा उल्लेख असतो, पण गावात दिसतं ते आश्रमशाळेतलं शिबिर. त्या शिबिराच्या रांगेत उभं असलेलं मूल घातक वर्षांतून आधीच सुटलेलं असतं. जे सुटलं नाही, त्याची नोंद ताप, न्यूमोनिया, ‘रक्त कमी’ अशा नावांखाली कधीच होऊन गेलेली असते. सिकलच्या खात्यात ते येत नाही.

याच चुकीचं भावंड त्याच १९८६ मध्ये जन्मलं. ओडिशातल्या रुग्णांवरचा कर आणि सर्जंट यांचा निबंध आणि भारतीय सिकलचा उगम आफ्रिकेपासून वेगळा असल्याचं दाखवणारा कुलोझिक यांचा अभ्यास, दोन्ही त्याच वर्षीचे. या रुग्णांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून त्यांचा आजार तुलनेने सौम्य, हा निष्कर्ष चांगलाच होता. त्यातून निघालेली म्हण मात्र वाईट निघाली : ‘आपल्याकडचा सिकल सौम्य असतो.’ तारुण्यापर्यंत पोचलेल्यांकडे बघून सौम्य म्हणणं म्हणजे पुरातून पोहून आलेल्यांना विचारून नदी उथळ ठरवणं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मुलं पाहिली आणि दाखवलं की मध्य भारतातली पुष्कळ मुलं गंभीर आजारी असतात.

गर्भातलं हिमोग्लोबिन राखण करतं, तर ते वाढवा, हा खरा धडा होता. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी ते करते. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत तिने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. नागपूरच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही आपल्या मुलांना फायदा होतो. कमी मात्रा म्हणजे कमी धोका आणि कमी खर्च. अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या एका जीन-उपचाराची किंमत तेव्हा २२ लाख डॉलर होती. त्याची बातमी आमच्या पेपरात पहिल्या पानावर आली. नागपूरच्या गोळीची बातमी मी कधी पाहिली नाही.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ च्या सुमारास इथे आले, तेव्हाच्या त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत सिकलसेल होता. बंग दांपत्य स्वतःच सांगत आलं आहे की रोग सापडला, सरकारपर्यंत गेला, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही. ‘संशोधकाला हवा तो प्रश्न घेऊ नका, लोकांचा घ्या’ हा धडा त्यांनी त्यातून घेतला आणि पुढचं त्यांचं सारं काम त्यावर उभं राहिलं. धडा मोलाचा आहे. पण तो ऐकणारे पुष्कळ जण त्यातून ‘लोकांना सिकलचं काही पडलेलं नाही’ एवढंच घेऊन जातात. मला वाटतं, लोकांनी तेव्हा न बोलता विल्सन-युंगनरचाच प्रश्न विचारला होता : नाव सांगितलंत, आता देता काय? त्या वर्षी इथल्या कुणाच्याच हातात द्यायला काही नव्हतं. आज आहे.

आणि ते पोचवायची वाटही याच जिल्ह्याने जगाला दाखवली. घरी जाऊन नवजाताची काळजी घेणाऱ्या गावातल्या बाईने इथल्या ३९ गावांत बालमृत्यू कसे कमी केले, ते १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं : हजार जन्मांमागे नवजातांचे मृत्यू ६२ वरून २५.५ वर. त्याच पद्धतीवरून आज देशभर आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. चंद्रपुरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं हिमोग्लोबिनच्या विकारांसाठीचं केंद्र आहे. म्हणजे घरात पोचणारी बाई आहे, रक्त तपासणारी प्रयोगशाळा आहे, गोळी आहे. फक्त या तिघींची गाठ घालायची राहिली आहे. आपल्या मुलांत न्यूमोकोकस अमेरिकेइतकाच घातक आहे का, असा रास्त प्रश्न काही तज्ज्ञ विचारतात. त्याचं उत्तरही जन्मापासून मुलांच्या मागे राहिल्याशिवाय मिळणार नाही.

निर्मूलन या शब्दाचा एकदा हिशेब करू. वाहकाने ‘एए’शी लग्न केलं की सरासरी निम्मी मुलं पुन्हा वाहक होतात. सगळ्यांनी कार्डं जुळवली तरी जीन रक्तातच राहणार. आजारी जन्म कमी होतील, ही चांगली गोष्ट आहे, पण तिला निर्मूलन म्हणू नये. गोंडांच्या लग्नात आधीच चार देव, पाच देव, सहा देव, सात देव पाहावे लागतात. त्यात आपण कार्डाचा आठवा देव आणून बसवला आणि त्याची पूजा फक्त मुलींकडून करून घेतो.

म्हणून मागणी दोन आहेत. पहिलं शासनाकडे : शिबिरात किती कार्डं वाटली, हा आकडा दुसऱ्या पानावर टाका. पहिल्या पानावर दोन आकडे लिहा. जिल्ह्यात जन्मलेल्या किती बाळांचं टाचेतलं रक्त पहिल्या महिन्यात तपासलं आणि त्यातल्या किती ‘एसएस’, म्हणजे दोन्ही जीन सिकलचे असलेल्या मुलांना पाच वर्षांची होईपर्यंत रोज पेनिसिलिनची गोळी मिळाली.

दुसरं मागणं तुमच्याकडे. मुलगी पाहायला जाल आणि तिचं कार्ड मागाल, तेव्हा मुलाचं कार्ड आधी खिशात असू द्या. ते नसेल तर चहा पिऊन परत या आणि आधी त्याचं रक्त तपासा.