आधी वणवा, मग खड्डे

नागपूर

चि. अर्चना हिस,


धानोऱ्याकडचं बीट मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. हवामान एवढं बिघडत असताना एका वनरक्षकाच्या हातात काय उरतं, असं तू विचारलंस. पुष्कळ उरतं.

तुझ्याकडे पहिली विचारणा होईल ती खड्ड्यांची. रोपवनात किती खणले, किती रोपं लावली, किती जगली. ते काम चोख कर, पण हवामान बदलावरचा उपाय म्हणजे तेवढंच, असं धरून चालू नकोस. 2019 साली राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. पण आज लावलेलं रोप ऐनाच्या जुन्या झाडाएवढा कार्बन साठवेपर्यंत माणसाचं आयुष्य सरतं. शिवाय आपल्या देशाच्या जंगलांतला निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे. म्हणून उभं जंगल आणि त्याखालची माती राखणं हे आधीचं काम, आणि त्यातही आधी वणवा रोखणं.

आपल्याकडचं जंगल सहसा आपोआप पेटत नाही. मोहफुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला भरपूर कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावतात. ही आग वीत-दोन वीत उंचीची, पाचोळ्यातून सरकत जाणारी. मोठ्या धावड्याचं ती फारसं काही बिघडवत नाही, त्यामुळे नुकसान झालंय असं वाटतच नाही. तू बिजाच्या एखाद्या गुडघाभर रोपापाशी खाली बसून बघ. बुंध्याशी जुन्या जळक्या काड्या दिसतील. उन्हाळ्यात वरचं जळालं, पावसाळ्यात मुळाने पुन्हा कोंब काढला, असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. बाजूची माती जरा उकरलीस, तर एवढ्याशा रोपाचं मूळ अंगठ्याएवढं जाड निघेल. माती लगेच सारखी कर. लागोपाठ काही वर्षं त्याला आगीपासून वाचवलंस, तर हे रोप तुझ्या डोक्यावर जाईल. त्याला खड्डा नको, रोपवाटिका नको, टँकर नको.

आग अडवायच्या जाळरेषा वेळेवर काढून घे. उपग्रहावरून आगीचा संदेश मोबाइलवर येतो, पाचोळा उडवायला ब्लोअरही मिळतात. पण संदेश येईपर्यंत आग बरीच पुढे गेलेली असते. त्याआधी पोहोचतो तो गावातला माणूस. तो धावेल की नाही, हे जंगल त्याला आपलं वाटतं का यावर आहे.

याचं उदाहरण, मेंढा-लेखा, तुझ्याच तालुक्यात आहे. 2009 साली त्या गावाला 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतःच्या परवान्यावर बांबू विकू लागली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपानं तोडणंच थांबवलं, कारण त्यापायी आग लागते, झाडं छाटली जातात. हातात येणारा पैसा त्यांनी सोडला. कुठल्याही अधिकाऱ्याच्या धाकाने हे झालं नसतं, असं माझं पक्कं मत आहे.

म्हणून मोहाखाली काडी लावणाऱ्या बाईवर आधी गुन्ह्याचं कलम उगारू नकोस. तिच्या घरचे पुढचे काही महिने त्या फुलांवर निघतात. छत्तीसगडात झाडाखाली जाळी बांधतात. फुलं स्वच्छ मिळतात, भाव बरा येतो आणि जाळायची गरजच पडत नाही. अशा जाळ्यांसाठी वरिष्ठांच्या मागे लाग, हट्ट धर.

लागवड करायचीच झाली तर नुसता साग नको. एकाच जातीचं रोपवन असलं की पानं चाळणीसारखी करणारी अळी एका हंगामात सगळं उघडं करते. ऐन, बिजा, मोह, चारोळी, बेहडा असं मिसळून लाव. बी एकाच देखण्या झाडाचं घेऊ नकोस, पुष्कळ झाडांचं घे; उताराच्या कोरड्या मुरमाडावर तग धरलेल्या झाडांचं तर आवर्जून घे. पुढे पाऊस कसा पडेल हे कुणालाच माहीत नाही, तेव्हा निरनिराळ्या गुणांची रोपं हाताशी असलेली बरी.

फेब्रुवारीच्या आत बीटातल्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत एकदा तरी जाऊन बस. गोंडी शिकायला आत्ताच लाग. चारोळी पिकली की मी तिकडे येतो, बी सोबतच गोळा करू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा