बाहेरून दहावी

दहावी न झालेल्या प्रौढाने पुन्हा शिकायचे मनावर घेतले, की महाराष्ट्रात त्याला मिळणारा सल्ला तीन शब्दांत आटोपतो : ‘बाहेरून बस की.’ बाहेरून बसणे म्हणजे शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची परीक्षा देणे. त्यासाठी भरायचा तो १७ नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांसाठी शासनाने उघडे ठेवलेले हे सर्वांत जुने आणि सर्वांत ओळखीचे दार आहे, आणि त्याची मोठी उणीव त्याच्या नावातच सांगितलेली आहे. यातून परीक्षेच्या हॉलमध्ये जाता येते, वर्गात जाता येत नाही.

दहावीचे वजन ज्ञानापेक्षा कागदात अधिक आहे, हे प्रौढाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. परदेशी मजुरीला जाणाऱ्याकडे दहावीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘इमिग्रेशन चेक’ची अट लागते, आणि आखाती देशांत नोकरीसाठी निघताना वेगळी परवानगी काढावी लागते. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला महाराष्ट्रात सरपंच व्हायचे असेल तर सातवी उत्तीर्ण असावे लागते. अंगणवाडी मदतनीस होण्यासाठी पूर्वी सातवी चालत असे. २०२३ पासून बारावी लागते. उलट उदाहरण एकच ठळक आहे. मालवाहू आणि प्रवासी वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी असलेली आठवीची अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली. गाडी चालवणे आणि आठवी पास असणे यांचा परस्परसंबंध नाही, हे सरकारला कळायला बरीच वर्षे लागली. बाकी ठिकाणी अटी वर सरकत राहिल्या, आणि त्या सरकल्या की काल पात्र असलेला माणूस काहीही न करता आज अपात्र ठरतो.

या माणसासाठी धोरणात जागा कुठे आहे, हे पाहिले तर मधेच एक मोकळी पट्टी दिसते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांपुरता आणि आठवीपर्यंतच आहे. दुसऱ्या टोकाला नवभारत साक्षरता कार्यक्रम : १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, वाचन-लेखन-संख्याज्ञानाच्या १५० गुणांच्या चाचणीसह. सातवीत शाळा सोडून विटभट्टीवर गेलेला किंवा नववीत दोनदा गटांगळ्या खाऊन गॅरेजला लागलेला या दोहोंत बसत नाही. कायद्याच्या लेखी तो मूल नाही, साक्षरतेच्या लेखी निरक्षर नाही. त्याच्या वाट्याला उरतो तो १७ नंबरचा फॉर्म.

त्या फॉर्मची पहिली परीक्षा मंडळ घेत नाही, जुनी शाळा घेते. अर्जाबरोबर शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो वीस वर्षांपूर्वी पुरात गेलेला असतो, वाळवीने खाल्लेला असतो, किंवा कधी घेतलेलाच नसतो. मग गावच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधला आपला क्रमांक शोधायचा, द्वितीय प्रत मागायची, प्रतिज्ञापत्र करायचे. रजिस्टरमध्ये जे लिहिले आहे तेच दाखल्यावर उतरते : गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जूनची जन्मतारीख, आडनावातली चुकलेली वेलांटी. सर्वांत जास्त हेलपाटे विवाहित स्त्रियांना पडतात. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. चाळिशीतली बाई माहेरच्या नावाने परीक्षेला बसते आणि हजेरीच्या वेळी आपले नाव पुकारले गेले हे तिला क्षणभर समजतही नाही. पुढे नोकरीच्या वेळी दोन्ही नावांची सांगड घालण्यासाठी राजपत्रातली नोंद दाखवावी लागते, हा भाग वेगळाच.

अर्ज मंजूर झाला की उमेदवाराला एक शाळा नेमून दिली जाते. तिला ‘संपर्क केंद्र’ म्हणतात. तोंडी परीक्षा, प्रकल्प, अंतर्गत गुण हे सारे तिथे होते. शिकवणे मात्र या संपर्कात मोडत नाही. पुस्तके घ्या, घरी वाचा आणि मार्चमध्ये या, एवढाच त्याचा अर्थ.

घरी वाचणे म्हणजे काय, हे गणिताच्या पुस्तकात स्पष्ट दिसते. दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे. दुकानाच्या काउंटरवर दहा वर्षे बिले फाडणाऱ्याला केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा असतो हे झोपेतून उठवले तरी सांगता येते. हे प्रकरण तो कादंबरीसारखे वाचून काढतो. त्याआधीच्या पानांवर वर्गसमीकरणे आहेत. तिथे तो अडतो, कारण सातवी-आठवीत येणाऱ्या अवयव पाडण्याच्या पायऱ्या त्याच्याकडे नाहीत, आणि त्या घालून द्यायला समोर कोणी नाही. अडचण बुद्धीची किंवा वयाची नसते, मधल्या दोन-तीन पायऱ्यांची असते. शिक्षकाला त्या भरून काढायला पंधरा दिवस पुरतात. गाईडला त्या भरताच येत नाहीत. दुसरी अडचण अगदी हाताची आहे. सही आणि फोन नंबर यापलीकडे वर्षानुवर्षे काही न लिहिलेल्या हाताने भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांत लिहायचा असतो. उत्तरे येत असूनही तो अर्धाच राहतो.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, वाट या दृष्टीने पुष्कळ सुसह्य आहे. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू झाली. पाच विषय पुरतात आणि ते निवडता येतात. गणित नको असेल तर सोडता येते. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होतात, उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. दिवाळीच्या हंगामात ओव्हरटाइम करणाऱ्याला एका वेळी एकच विषय देता येणे ही किती मोठी सोय आहे, हे त्यालाच ठाऊक. दहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते. पण ही वाट तालुक्याच्या गावी फारशी कोणाला माहीत नाही, आणि ती नेमकी त्यांना माहीत असते जे ‘नापासांना सुवर्णसंधी’चे फलक लावून तिच्या नावावर पैसे उकळतात.

तिसरी वाट दहावीला वळसा घालून जाते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, १९८९ च्या स्थापनेपासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन, पूर्वतयारी शिक्षणक्रमामार्फत अठरा वर्षांपुढच्या, शाळा अर्धवट सुटलेल्या माणसालाही पदवीपर्यंत नेले. ही धाडसी कल्पना होती आणि तिने असंख्य घरांत पहिला पदवीधर दिला. तरी तिच्यातली एक अडचण झाकता येत नाही. पदवी हातात असते, पण नोकरीच्या अर्जातला दहावीच्या गुणपत्रिकेचा रकाना कोराच राहतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो आधी पाहिला जातो.

वर्ग, शिक्षक आणि कामानंतरची वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी व्यवस्था महाराष्ट्राला नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याने रात्री शिकायचे, हा विचार मग मुंबईच्या गिरणगावात रुजला. पाळीवरून सुटलेला कामगार, खानावळीत काम करणारा पोऱ्या, घरगडी हे एकाच बाकावर बसून मॅट्रिकची तयारी करत. १९५८ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमही सुरू केला. अनेक वर्षांचे शिक्षण थोडक्या काळात बसवण्याची ही योजना होती. मोठ्या माणसाला लहान मुलाच्या वेळापत्रकाने शिकवू नये, हे तेव्हाच ओळखले गेले होते.

नंतर गिरण्या बंद झाल्या आणि रात्रशाळांची पटसंख्या ओसरली. आज त्या प्रामुख्याने मुंबईत उरल्या आहेत. कामगार मात्र संपलेला नाही. तो चाकण, बुटीबोरी, वाळूजला गेला आहे, गोदामात आणि डिलिव्हरीच्या दुचाकीवर आहे. शाळा त्याच्या मागे गेली नाही.

जिद्द असली की सगळे जमते, असे यावर म्हटले जाते, आणि दर निकालाला आईने मुलाबरोबर दहावी पास केल्याची एखादी बातमी पुरावा म्हणून पुढे येते. बातमी खरी असते. पण तिच्यातल्या आईला शिकवणारे कोणी घरातच होते, बहुधा तो मुलगाच. ज्याच्या घरी असा मुलगा नाही, त्याच्या जिद्दीला वर्गसमीकरण सुटत नाही.

यासाठी नवे मंडळ किंवा नवी योजना लागत नाही. संपर्क केंद्राने आठवड्यातून तीन संध्याकाळी गणित, इंग्रजी आणि लेखनाचे वर्ग घ्यावेत आणि त्या शिक्षकांना वेगळे मानधन मिळावे, एवढी एक अट १७ नंबरच्या नियमांत घालावी. खोल्या, फळे, बाक सगळे तिथे आहेच. संध्याकाळी सहानंतर त्या इमारतींना कुलूप असते.