दुष्काळ देवाचा की माणसाचा?

पावसाने ओढ दिली की आपल्याकडे दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतो, देवाची मर्जी, आपल्या हातात काय आहे? कोणी म्हणतो, हे सारे माणसानेच करून ठेवले आहे.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपला शिंदखेडा तालुका होता. त्या वर्षी प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले होते. याला एल निनो म्हणतात. तो आला की आपला पाऊस बहुतेक वेळा कमी होतो, आणि हे चक्र फार जुने आहे. एलियाच्या काळातील अवर्षणाचा संबंध अहाब राजाच्या पापाशी होता, हे खरे. परंतु पाऊस देताना पिता चांगला-वाईट असा भेद करीत नाही, हे प्रभू येशूचे सांगणे आहे (मत्तय ५:४५). म्हणून ज्याचे पीक जळाले त्याचे पाप शोधण्याची घाई आपण करू नये.

पण पाऊस कमी पडणे वेगळे आणि पाणी संपणे वेगळे. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून सिमेंटचे बंधारे बांधले गेले आणि विहिरींना पाणी आले. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्यासोबत जंगल राखले, तिथेही झरे परतले. ढग काही त्यांच्यासाठी वेगळे आले नव्हते.

मग माणसानेच केले म्हणावे, तर कोणत्या माणसाने? ऐपत असलेला शेकडो फूट खोल बोअर घेतो आणि शेजाऱ्याची विहीर होळीच्या आधीच आटते. तो शेजारी मजुरीसाठी सुरतेची गाडी पकडतो. दोघांनाही 'माणूस' या एकाच शब्दात बसवणे आम्हाला अन्यायाचे वाटते. जगातही तेच चालले आहे: हवा तापवणारा धूर ज्यांनी सर्वांत कमी सोडला, त्यांनाच झळ आधी लागते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे केले नाहीत, ते याचसाठी. प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपल्याला राग आठवतो, खोटे बोलणे आठवते. शेजाऱ्याचे आटवलेले पाणी क्वचितच कोणाला आठवत असेल.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न ठाऊक होता. पांझरा नदीवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सर्वांचे एकच पीक, आणि पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. बहुतेकांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे पाणी कमी असलेल्या साली एखादा फड पडीक ठेवला, तर नुकसान एकट्याचे होत नसे, सगळ्यांचे थोडे थोडे होई.